जपानी सुतारकाम, त्याची अवजारं आणि लाकडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी करवत विकत घेऊन बसलेले हौशी सुतार आणि नाराची देवळं बघून आलेले प्रवासी, दोघेही साधारण तेच तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत आणि पुढे "हो, पण..." असं उत्तर द्यावं लागणारे. रंधा, पटाशी, गुण्या हे आपले शब्द जिथे चालतात तिथे तेच ठेवले आहेत.

1. देवळं बांधणारा आणि कपाटं करणारा जपानी सुतार एकच असतो का?

नसतो. 'दाइकू' म्हणजे बांधकाम करणारा सुतार. त्यातला देवळं आणि शिंतो मंदिरं बांधणारा तो मियादाइकू, आणि चहाघरं व त्या धाटणीची घरं बांधणारा तो सुकियादाइकू. पेट्या-कपाटं करणारा साशिमोनोशी वेगळा, सरकती दारं आणि शोजी, म्हणजे लाकडी चौकटीचे कागदी पडदे, करणारा तातेगुया त्याहून वेगळा. लांबून अवजारं सारखी दिसतात, पण सवयी निराळ्या. मियादाइकू फूटभर जाडीचा वासा वाकसाने तासत असतो, तेव्हा तातेगुया जाळीच्या पट्टीवरून कागदाहून पातळ साल काढत असतो. तुमचा प्रश्न कोणत्या कामाबद्दल आहे त्यावर उत्तर बदलतं, म्हणून आधी हे लिहिलं.

2. खरंच एकही खिळा वापरत नाहीत?

सगळ्यात लाडका गैरसमज हाच. नाराजवळच्या होर्यूजीत, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती जिथे उभ्या आहेत तिथे, घडीव लोखंडी खिळे आहेत. विसाव्या शतकात याकुशीजी मंदिराची पुनर्बांधणी झाली, तेव्हा मात्सुयामाचे लोहार शिराताका युकिनोरी यांनी जुन्या धर्तीचे खिळे मुद्दाम घडवून दिले. इमारतीचा सांगाडा सांध्यांवर उभा असतो, हे खरं. खांब आणि तुळई एकमेकांना खिळ्यांनी धरलेली नसतात. पण वरच्या फळ्या आणि छपराचे वासे बसवताना खिळे लागतात. सालीच्या छपरात बांबूचे खिळे असतात.

पूर्ण बिनखिळ्याचं काम बघायचं असेल तर साशिमोनोच्या पेट्या आणि कुमिकोची, म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या एकमेकांत बसवून केलेली, जाळी पाहा (प्रश्न 17).

3. मग सांधे धरतात कसे?

दोन घराणी आहेत. लांबीत लांबी जोडायची ती त्सुगिते, आणि कोनात जोडायचं ते शिगुची. दोन्हींचं मूळ आपल्या सुतारालाही ठाऊक असलेलं कुसू आणि खोबण हेच: एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत. फरक पडतो तो कुलूप लावण्याच्या पद्धतीत. 'कामा' सांध्यात कुसवाला सापाच्या फण्यासारखं डोकं असतं, ते वरून आत बसलं की ओढून निघत नाही. 'ओक्काके दाइसेन' मध्ये दोन्ही तुकडे एकमेकांवर तिरके सरकतात आणि मग आडव्या कठीण लाकडी खुंट्यांनी पक्के होतात. 'कानावा' मध्ये मधोमध ठोकलेली पाचर दोन्ही बाजू एकमेकींवर आवळते. खांबाचा कुजलेला पाया कापून तिथे नवं लाकूड जोडायला हा फार उपयोगी.

यातली एक खुबी मला स्वतःला फार आवडते. कुसू खोबणीत घालण्याआधी त्याला हातोडीने हलके चेपतात. त्याला 'किगोरोशी' म्हणतात, शब्दशः लाकूड मारणं. चेपलेले तंतू सहज आत जातात, मग हवेतला ओलावा पिऊन फुगतात आणि सांधा आवळून घेतात. गोंदाचं काम लाकूडच करतं. अर्थात हे मऊ, सरळ रेषांच्या लाकडात साधतं. शिसवावर करून पाहाल तर तंतू चेपले जाण्याऐवजी कडा फुटेल.

ओसाकाच्या किल्ल्याच्या ओतेमोन दरवाजात एका खांबाचा पाया असा जोडला आहे की समोरासमोरच्या दोन बाजूंना डव्हटेल, म्हणजे टोकाकडे रुंदावत जाणारा कुसू, दिसतो आणि उरलेल्या दोन बाजूंना डोंगराच्या शिखरासारखी रेघ. हे तुकडे वरून किंवा बाजूने घातलेच कसे असतील, हे अनेक वर्षं कोडं होतं. क्ष-किरण चित्रं काढल्यावर कळलं की ते तिरके सरकवून बसवले आहेत.

4. या इमारती भूकंपात पडत नाहीत, असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. पारंपरिक सांगाड्यात खांबांना आरपार भोकं पाडून त्यांतून आडव्या पट्ट्या घालतात, त्यांना 'नुकी' म्हणतात. नाराच्या तोदाइजी मंदिराचं दक्षिणद्वार 1199 सालचं, त्यात ही रचना ठळक दिसते. क्योतोच्या कियोमिझू देवळाची डोंगरउतारावरची प्रसिद्ध सज्जा केयाकी या कठीण लाकडाच्या खांबांवर आणि नुकींवर उभी आहे. धक्का बसला की हे सांधे किंचित कलतात, एकमेकांत रुततात आणि घासून जोर जिरवतात. पाच मजली मनोऱ्यांतला मधला खांब म्हणजे शिन्बाशिरा. तो कधी जमिनीवर टेकलेला असतो, तर निक्कोच्या मनोऱ्यात वरून साखळ्यांनी टांगलेला. त्या मधल्या खांबाचा नेमका वाटा किती, यावर अभियंत्यांत अजून एकमत नाही. पण 634 मीटर उंच तोक्यो स्कायट्रीच्या रचनेत तीच कल्पना घेतली आहे.

उरलेलं अर्ध: 17 जानेवारी 1995 ला कोबेच्या भूकंपात जड कौलांची जुनी लाकडी घरं मोठ्या संख्येने कोसळली. भिंतींची ताकद कमी, सांधे कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले, आणि डोक्यावर टनावारी माती-कौलं. देवळाचा सांगाडा आणि स्वस्तात बांधलेलं घर यांना एकाच मापाने मोजू नये.

5. करवत आणि रंधा ओढून का चालवतात? आपण तर ढकलतो.

ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं. बारीक सांध्यांच्या दोझुकी करवतीचं पातं साधारण 0.3 मिलिमीटरचं असतं. ते ढकललं तर दुमडेल. पातळ पातं म्हणजे बारीक चीर, कमी भुसा आणि कमी जोर. मऊ सूचिपर्णी लाकूड आणि जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करायची सवय याही गोष्टी त्याला जुळतात.

हे अनादी काळापासून मात्र नाही. जुन्या काळात हिनोकीचे, म्हणजे जपानी सायप्रसचे, ओंडके पाचरी मारून सरळ रेषेत फोडत आणि भाल्यासारख्या यारिगान्नाने तासत. साधारण पंधराव्या शतकाच्या सुमारास दोघांनी ओढायची मोठी ओगा करवत आली, आणि लाकडाच्या ठोकळ्यात बसवलेला रंधा रुळला. सरळ, मोठी झाडं कमी पडू लागली, वेडीवाकडी केयाकी आणि पाइन वापरावी लागली. ती फुटत नाहीत, चिरावी लागतात. लाकूड बदललं तसं अवजार बदललं, जपानी सुतारकामाचा इतिहास बराचसा असाच आहे.

6. पहिलं अवजार कोणतं घेऊ?

रियोबा करवत, 240 मिलिमीटरच्या आसपासची. एका बाजूला उभ्या रेषेत चिरायचे दात, दुसऱ्या बाजूला आडवे कापायचे. बदलता येणारं पातं घ्या. या पात्यांचे दात टोकाला खास तापवून कडक केलेले असतात, त्यांना कानशीने धार लागत नाही. बोथट झालं की पातं बदलायचं. त्यानंतर 12 किंवा 15 मिलिमीटरची एक चांगली पटाशी.

रंधा, म्हणजे कान्ना, लगेच घेऊ नका. तो तयार अवस्थेत येतच नाही. पातं ठोकळ्यात घासून-घासून जुळवावं लागतं, ठोकळ्याचा तळ सरळ करावा लागतो, आणि धार नीट लावता येत नसेल तर तो फक्त शोभेचा.

7. सागवानावर जपानी करवत चालवली, पहिल्याच दिवशी दात गळाले. करवत खराब होती का?

बहुधा करवत चांगली होती आणि लाकूड तिच्यासाठी नव्हतं. बारीक दातांच्या करवती हिनोकी किंवा सुगी (जपानी सीडर) अशा मऊ लाकडासाठी घडवल्या जातात. सागात सिलिका असते, ती धार खाते. शिसव, बाभूळ तर विचारूच नका. कठीण लाकडासाठी वेगळ्या दातांची पाती मिळतात, ती मागून घ्या. आणि ओढताना जोर लावू नका, मनगट वळवू नका. दात गळण्याचं मुख्य कारण परतताना पातं तिरकं होणं हे असतं. सागाच्या जाड चौकटीला मी आजही आपली नेहमीची करवतच लावतो, त्यात कमीपणा काही नाही.

8. 'पांढरं' आणि 'निळं' पोलाद म्हणजे काय? निळं महाग म्हणजे चांगलं का?

पोलादाचा रंग तसा नसतो. यासुगीच्या कारखान्यातून पोलाद ज्या कागदात गुंडाळून येई त्या कागदाचा तो रंग. पांढरं म्हणजे जवळपास शुद्ध कार्बन पोलाद: धार पटकन आणि अतिशय तल्लख लागते. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन मिसळलेलं असतं: धार जास्त वेळ टिकते, लावायला थोडी चिवट. मऊ लाकडाला पांढरं, कठीण लाकडाला निळं, असा ढोबळ हिशेब. सागावर काम करणाऱ्याने निळं घ्यावं.

पटाशी किंवा रंध्याचं पातं सबंध या पोलादाचं नसतं. पातळ कडक थर मऊ लोखंडावर भट्टीत ठोकून जोडलेला असतो. कडक थर धार धरतो, मऊ लोखंड धक्का सोसतं आणि दगडावर लवकर झिजतं.

9. पात्याच्या पाठीला खोलगट भाग का असतो? तो घासून सपाट करू का?

कृपया करू नका. तो 'उरा' मुद्दाम कोरलेला असतो, कारण कडक पोलादाची सबंध पाठ सपाट करत बसलं तर दिवस जाईल. खोलगट भागामुळे कडेचा थोडाच भाग दगडाला टेकतो. वर्षानुवर्षं धार लावून पटाशीचं पातं आखूड होत जातं, तसा खोलगट भाग टोकाकडून आपोआप मागे सरकतो. रंध्याच्या पात्यात मात्र सपाट पट्टी संपली की मऊ लोखंडाच्या बाजूने हातोडीने हलके ठोकून पाठ पुढे आणतात. जरा चुकलं की कडक थराला तडा. पहिल्यांदा जुन्या पात्यावर हात बसवा.

निसणा म्हणाल तर पाण्याचे दगड लागतात: 1000 क्रमांकाच्या दाण्याचा एक आणि 6000 च्या आसपासचा, त्याहून बारीक, एक पुरे. ते पटकन खड्ड्यात जातात, म्हणून दर वेळी सपाट करून घ्या. क्योतोच्या परिसरातले नैसर्गिक दगड प्रसिद्ध आहेत आणि किमतीही तशाच आहेत. शिकताना त्यांची गरज नाही.

10. कोकणात राहतो. पावसाळ्यात अवजारांचं काय करू?

काम झालं की पातं कोरडं पुसून तेलाचा पुसट हात. जपानी सुतार कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. शिवणयंत्राचं तेलही चालतं. खोबरेल वापरू नका, ते चिकट होतं. रंध्याचा पांढऱ्या ओकचा ठोकळा हवेप्रमाणे हलतो: मे महिन्यात सैल वाटलेलं पातं जुलैत घट्ट बसतं. जुलैत घट्ट वाटलं म्हणून लगेच लाकूड कोरू नका, दिवाळीनंतर पस्तावाल.

11. शाकू, सुन ही मापं आपल्याला जमतील का?

आपल्या सुताराला तर इतर कुणाहूनही लवकर जमतील. एक शाकू म्हणजे 30.3 सेंटिमीटर, आपल्या फुटाहून जेमतेम पावणेदोन मिलिमीटर कमी. शाकूचे दहा भाग म्हणजे सुन, सुनचे दहा भाग म्हणजे बू. एक बू 3.03 मिलिमीटर, आपलं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175. हाताला फरक कळणारही नाही. मात्र फुटाचे बारा इंच आणि शाकूचे दहा सुन, इथे गल्लत होते.

त्यांचा गुण्या, साशिगाने, हाही नीट पाहा. त्याच्या एका बाजूवर खुणा दोनच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे 1.414 पट मोठ्या असतात. ती बाजू ओंडक्याच्या व्यासावर ठेवली की त्यातून किती सुनचा चौकोनी वासा निघेल ते थेट वाचता येतं. आकडेमोड नाही.

12. हिनोकीचं एवढं कौतुक का?

सरळ वाढतं, हलकं असून मजबूत, आणि त्यातल्या तेलामुळे कीड व बुरशी लवकर लागत नाही. वासही त्या तेलाचाच. होर्यूजीच्या मनोऱ्याच्या मधल्या हिनोकी खांबाचं झाड 594 साली तोडलं होतं, हे वाढवलयांवरून ठरवलं गेलं आहे. लाकडाचे अभ्यासक जिरो कोहारा यांनी जुन्या इमारतींतले नमुने तपासले तेव्हा तोडल्यानंतर पहिली साधारण दोनशे वर्षं हिनोकीची ताकद वाढते आणि मग फार सावकाश उतरते, असं आढळलं.

होर्यूजीचे मियादाइकू निशिओका त्सुनेकाझू (1908–1995) यांच्या परंपरेत सांगत: झाड विकत घेऊ नका, डोंगर विकत घ्या. दक्षिण उतारावरचं झाड इमारतीच्या दक्षिणेला लावा, पीळ असलेल्या लाकडांचे पीळ एकमेकांविरुद्ध बसवा.

13. हिनोकी सोडून दुसरी लाकडं?

सुगी सर्वांत जास्त वापरलं जाणारं: मऊ, स्वस्त, फळ्या-छतांचं. अकिता आणि योशिनोचं सुगी नावाजलेलं. केयाकी कठीण, सुंदर रेषांचं, मोठ्या खांबांना. कुरी, म्हणजे चेस्टनट, ओलाव्यात टिकतं, म्हणून जमिनीलगत. किरी हे त्यांच्याकडचं सर्वांत हलकं लाकूड; किमोनो ठेवायची कपाटं त्याची करतात आणि मुलगी जन्मली की किरीचं झाड लावायची रीत होती, तिच्या लग्नापर्यंत कपाटाएवढं लाकूड तयार होई.

14. यांतलं भारतात काही मिळतं?

सुगी आपल्याकडे आहे, फक्त नाव वेगळं. दार्जिलिंगच्या डोंगरांत इंग्रजांच्या काळात लावलेली 'धुपी'ची झाडं म्हणजे सुगीच. सरावासाठी मात्र खोक्यांचं, पॅलेटचं पाइन पुरे. गाठी नसलेले तुकडे निवडा.

15. एवढी मोठी झाडं अजून मिळतात?

फारशी नाहीत, आणि ही आजची अडचण नाही. तोदाइजीचं सध्याचं महाबुद्ध मंदिर 1709 साली पूर्ण झालं, तेव्हाच अखंड खांबांएवढी झाडं मिळेनात. लहान लाकडं जुळवून लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले ते खांब आजही दिसतात. किसो खोऱ्यात एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, हिनोकीसह पाच जातींची झाडं तोडायला बंदी होती आणि 'एक झाड, एक शिर' अशी म्हणच पडली. विसाव्या शतकात मोठ्या कामांसाठी तैवानचं हिनोकी आलं: याकुशीजीत तेच आहे, आणि तोक्योच्या मेइजी मंदिराच्या 1975 सालच्या 12 मीटर उंच तोरीईतही, म्हणजे प्रवेशकमानीतही.

16. इसेचं मंदिर दर 20 वर्षांनी नवं बांधतात. मग जुनं लाकूड फेकतात का?

फेकत नाहीत. ही पुनर्बांधणी 690 पासून चालू आहे; मधे यादवी युद्धांच्या काळात शंभरहून जास्त वर्षं खंड पडला. 62वी 2013 मध्ये झाली, पुढची 2033 मध्ये. मुख्य मंदिराच्या कणा पेलणाऱ्या खांबांची उजी पुलावरची तोरीई होतात, आणखी 20 वर्षांनी ती कुवाना आणि सेकी इथल्या जुन्या मार्गांवर उभी राहतात. बाकीचं लाकूड देशभरातल्या मंदिरांना जातं. शिवाय वीस वर्षांत शिकाऊ मुलगा मुख्य सुतार होतो, म्हणजे हात एका पिढीकडून दुसरीकडे जातो. इसेने स्वतःचं जंगल लावलं आहे. 2013 च्या कामात सुमारे चौथा हिस्सा लाकूड तिथलं होतं.

17. कुमिको घरी शिकता येईल?

येईल, आणि सुरुवात याच कामाने करावी असं माझं मत. बारीक पट्ट्या, ठरलेल्या कोनांचे दोन-तीन लाकडी साचे, धारदार पटाशी. 'आसानोहा', म्हणजे भांगेच्या पानाची नक्षी, पहिल्यांदा करा. अडचण एकच: सगळ्या पट्ट्या अगदी सारख्या जाडीच्या हव्यात. एक पट्टी पाव मिलिमीटर जाड असली की दहाव्या चौकटीत जाळी फुगते.

18. उरुशीने, म्हणजे झाडाच्या चिकाच्या जपानी रोगणाने, अंगावर पुरळ येतं म्हणतात. वापरू का?

आपल्याकडे बिब्बा उतलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे पटकन कळेल. उरुशीचं झाड बिब्बा, काजू, आंबा यांच्याच कुळातलं आहे. आंब्याच्या चिकाने ओठ उतणाऱ्यांनी तर फार जपावं. ओली उरुशी त्वचेला लागली की पुरळ येतं, पूर्ण घट्ट झाल्यावर ती निर्धोक असते, म्हणूनच तिच्या वाट्यांतून सूप पितात. आणखी एक उलटी गोष्ट: उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही, तिला 70–80 टक्के आर्द्रता लागते. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला हंगामभर चिरे देऊन सुमारे 200 ग्रॅम चीक मिळतो, मग झाड तोडतात. किंमत त्यामुळेच.

हिनोकीच्या देवळांना आणि चहाघरांना बहुतेक वेळा काहीच लावत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

19. जळकं लाकूड, 'शोउ सुगी बान', घराला लावावं का?

जपानी माणूस त्याला 'याकिसुगी' म्हणतो. ते दुसरं नाव अक्षरं चुकीची वाचल्याने पसरलं. पश्चिम जपानात सुगीच्या तीन फळ्या त्रिकोणात बांधून आत जाळ लावतात, नळीसारखी आग वर चढते. कोळशाचा थर पाऊस आणि कीड दूर ठेवतो. टॉर्चने वरवर काळं केलेल्या फळीत हा थर फारच पातळ असतो. सागाला याची गरज मुळातच नाही.

20. विजेची अवजारं वापरली की काम 'पारंपरिक' राहत नाही का?

मियादाइकूही आज यंत्रावर चिरतात, शेवटचा हात रंध्याचा असतो. याकुशीजीच्या 1976 मध्ये पूर्ण झालेल्या मुख्य मंदिरात मूर्तीभोवतीचा भाग आगीपासून जपायला काँक्रीटचा केला आहे. लाकूड काँक्रीटहून जास्त टिकतं म्हणणाऱ्या निशिओकांना तो पसंत नव्हता, पण सांगाडा त्यांनीच उभा केला. 2020 मध्ये युनेस्कोने लाकडी वास्तू जपण्याची जपानी कौशल्यं अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्यात सुतारकामाबरोबर छपराची साल काढणं, उरुशी, भिंतींचं लिंपण अशी 17 कामं आहेत.

21. जपानला जातोय, एक दिवस आहे. काय बघू?

शिन-कोबे स्थानकाजवळचं ताकेनाका सुतार-अवजारं संग्रहालय. तोशोदाइजी मंदिराच्या खांबावरचे आधार तिथे पूर्ण आकारात मांडले आहेत, आणि भिंती न लिंपलेलं चहाघर आहे, म्हणजे सगळे सांधे उघडे दिसतात. सोमवारी बंद असतं. वेळ उरला तर ओसाका वाटेवरच आहे. किल्ल्यावर जाताना प्रश्न 3 मधला खांब चारही बाजूंनी बघायला विसरू नका.